आंघोळीच्या पाण्याखालचा जाळ

अमेरिका-कॅनडात घराच्या तळघरात नैसर्गिक वायूवर चालणारी भट्टी असते. ती अख्खं घर उबदार ठेवते. आमच्या वाशीम जिल्ह्यात हिवाळ्यात घर कुणी तापवत नाही, माणूस तापवतो: अंगणात शेकोटी आणि सकाळी आंघोळीला कढत पाणी. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. त्यामुळे इथल्या उबेचा इतिहास मला चुलीपासूनच सुरू करावा लागतो.

महाराष्ट्रात गॅस आला तो आधी उजेडासाठी. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला होता. त्यानंतरची गोष्ट माटुंग्याची. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार करून वापरला गेला. नेटवर याचं साल अनेकदा १८५९ दिलेलं असतं. मला ते पटत नाही, कारण महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने हा आश्रमच सुरू झाला १८९० मध्ये. १८९७ हे दुसरं साल सांगितलं जातं, ते जुळतं. समाजाने ज्यांना गावाबाहेर काढलं, त्यांच्या घाणीतून देशातला हा सुरुवातीचा बायोगॅस निघाला.

खेड्यात तो पोचायला पुढे अर्धशतक गेलं. जशभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात तरंगत्या टाकीचं गोबरगॅस संयंत्र विकसित केलं, खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेलं आणि १९८१-८२ पासून केंद्राची राष्ट्रीय योजना आली. हिशेब साधा होता. शेणाची गोवरी थापली की जळण मिळतं, पण खत जातं, शिवाय धूर बाईच्या फुफ्फुसात जातो. तेच शेण टाकीत कुजवलं तर मिथेन मिळतो आणि उरलेली मळी शेतात जाते.

मग हे संयंत्र घरोघर का टिकलं नाही? दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण ५० किलो शेण आणि जवळपास तेवढंच पाणी लागतं. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. ज्याच्याकडे जमीन नाही, गोठा नाही, त्याला योजनेचा उपयोग शून्य. उन्हाळ्यात पाण्याची ओढ. पुढे ट्रॅक्टर आला आणि बैलजोड्या कमी झाल्या. त्यात थंडीत जिवाणू मंदावतात, म्हणजे ऊब हवी नेमकी तेव्हाच गॅस कमी.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतही सिलिंडर आला. १४.२ किलोचा एक सिलिंडर जाळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तरी स्वयंपाकघरातला धूर गेला, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे लागतात, म्हणून अनेक घरांत तो फक्त भाजी-पोळीसाठी राखून ठेवतात. बादल्या भरून पाणी तापवायचं ते मागच्या अंगणातल्या चुलीवरच.

आता समृद्धी महामार्गालगत मुंबई–नागपूर नैसर्गिक वायूची वाहिनी टाकली गेली आहे. हा महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो. नैसर्गिक वायू जाळताना कोळशाच्या जवळपास निम्माच कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि धूर जवळजवळ नसतो. मात्र न जळता गळला, तर त्यातला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा २८ पट तापवतो. गोबरगॅसची टाकी गळली तरी तेच होतं. त्यामुळे कुठलाही गॅस आपोआप ‘स्वच्छ’ ठरत नाही. नळी, टाकी आणि देखभाल कशी आहे यावर ते ठरतं.

एक प्रश्न मात्र या सगळ्या योजनांच्या फटीत राहून जातो. जनगणनेत विचारतात, स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता? उत्तर येतं ‘गॅस’, आणि ते घर धूरमुक्त धरलं जातं. पहाटे पाच वाजता मागच्या अंगणात पऱ्हाटी फुंकणारी बाई त्या रकान्यात बसत नाही. तिची मोजणी करायची असेल तर आणखी एक ओळ पुरे: आंघोळीचं पाणी कशावर तापवता?