विशाल गोंडल व ‘इंडियागेम्स’ : भारतीय व्हिडिओ गेम उद्योगाच्या जडणघडणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात सॉफ्टवेअर निर्यातीला जेवढे स्थान मिळाले, तेवढे व्हिडिओ गेमच्या निर्मितीला मिळालेले नाही. विद्यार्थिदशेतच आज्ञावलीलेखनाकडे वळलेल्या विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत स्थापन केलेली ‘इंडियागेम्स’ ही या दृष्टीने महत्त्वाची संस्था होय.

पार्श्वभूमी :
त्यापूर्वी १९९७ मध्ये राजेश राव यांनी बेंगळुरू येथे ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ सुरू केली होती. या संस्थेने प्रामुख्याने परदेशी कंपन्यांची कामे कंत्राटी पद्धतीने केली. गोंडल यांनी मात्र स्वतःचे खेळ थेट भारतीय ग्राहकापर्यंत नेण्याचा मार्ग स्वीकारला. कारगिल युद्धावरील ‘योद्धा’ हा त्यांच्या संस्थेचा आरंभीचा संगणकीय खेळ होता. परंतु घरगुती संगणक मोजक्याच घरांत होते आणि नकली सीडींचा सुळसुळाट होता. त्यामुळे या मार्गाला मर्यादा पडल्या.

मोबाइल पर्व :
मोबाइलच्या प्रसाराने ही कोंडी फुटली. धाराशिवसारख्या (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांत संगणकाआधी मोबाइल आला. हा बदल निर्मात्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरला. तथापि तांत्रिक अडचणी कमी नव्हत्या. नोकियाच्या सुरुवातीच्या ‘सिरीज ४०’ संचांवर संपूर्ण खेळ, चित्रे व ध्वनींसह, ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. प्रत्येक संचाचा पडदा व कळा भिन्न असल्याने एकाच खेळाच्या अनेक आवृत्त्या कराव्या लागत. शिवाय विक्री दूरसंचार कंपन्यांमार्फत होत असल्याने उत्पन्नाचा मोठा वाटा त्यांच्याकडेच राही.

मालकीतील स्थित्यंतरे :
या परिस्थितीत मोठ्या भांडवलाची गरज भासणे स्वाभाविक होते. चीनच्या ‘टॉम ऑनलाइन’ने २००४-०५ च्या सुमारास संस्थेतील बहुसंख्य हिस्सा घेतला. २००७ मध्ये ‘यूटीव्ही’ आणि २०११ मध्ये ‘डिस्ने’ असे मालकीहक्काचे हस्तांतर झाले. गोंडल यांनी पुढे ‘डिस्ने’ सोडून २०१४ मध्ये आरोग्यविषयक ‘गोक्यूआयआय’ हा उद्योग उभारला. ते संबंधित असलेल्या ‘एन-कोअर गेम्स’चा ‘फौ-जी’ हा खेळ २६ जानेवारी २०२१ रोजी प्रकाशित झाला. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’वर भारतात बंदी आली होती.

निष्कर्ष :
कंत्राटी कामात बाजारपेठेची जोखीम कमी, पण निर्मितीवर हक्क नाही. स्वतंत्र निर्मितीत हक्क मिळतो, पण वितरणाची साधने हाती नसल्यास तो टिकविणे कठीण जाते. दोन्ही मार्गांचा शेवट सारखाच झाला. ‘इंडियागेम्स’प्रमाणेच ‘ध्रुव’ही अखेर परदेशी मालकीत गेली व २०१९ मध्ये ‘रॉकस्टार गेम्स’ने ती घेतली. दुसरी बाब अधिक चिंतेची आहे. जुने मोबाइल संच कालबाह्य होताच त्यांवरील खेळही नाहीसे होत आहेत. पोथ्या व नियतकालिकांचे जतन करणाऱ्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनी या साधनांकडेही लक्ष दिले नाही, तर या काळाचा इतिहास केवळ कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदींवरून लिहावा लागेल.