सोवळ्यातून देवळात : लक्ष्मीबाई टिळक

रविवारची सकाळ. गावाच्या एका अंगाला ख्रिस्ती वस्ती आहे. देवळाची घंटा वाजते. आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. घराघरातून माणसे निघतात. आणि सर्वांच्या पुढे, सुनानातवंडांना हाका मारीत, पदर सावरीत एखादी म्हातारी आजी चाललेली असते. घरातले कोण आले नाही हे तिला न मोजता कळते. अशा घराची श्रद्धा पुस्तकात कमी आणि या आजीच्या पावलांत जास्त असते. आज ज्या बाईंविषयी मी बोलणार आहे, त्या अशाच एका घराच्या आजी होत्या. मात्र देवळाच्या उंबरठ्याशी यायला त्यांना अर्धे आयुष्य लागले.

त्या म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या बंडात फाशी झाली, आणि त्याचा धसका घेऊन वडिलांनी जे सोवळे धरले ते अखेरपर्यंत सुटले नाही. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, इथपर्यंत मजल! मीठ धुतले तर उरणार काय? पण घरात विचारायची सोय नव्हती. मुलांनी भोगायचे, आईने निस्तरायचे. अशा घरातली मनू अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांची बायको झाली.

टिळक कवी, बुद्धिमान, तापट आणि भटके. आज इथे तर उद्या तिथे. बायकोला शिकवायचे त्यांनी मनावर घेतले आणि त्यांनीच तिला अक्षरओळख करून दिली. जोडाक्षरे मात्र बाईंना कायम अडत राहिली. शिक्षक बंधुभगिनींनो, हे मुद्दाम लक्षात ठेवा. मराठीतले एक उत्तम आत्मचरित्र अशा हाताने लिहिले आहे.

१८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज समजणे कठीण आहे. नवरा जिवंत, पण त्याच्या घरचे पाणी चालत नाही. कुंकू आहे, संसार नाही. पदरात लहानगा दत्तू. बाई पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. रडल्या, आजारी पडल्या, लोकांची बोलणी ऐकली. काही वर्षांनी त्या नवऱ्याजवळ नगर भागात राहायला आल्या खऱ्या. ते अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर. पण आल्या त्या आपल्या धर्मासकट. चूल वेगळी, पाणी वेगळे, भांडी वेगळी. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले.

माझ्या वर्गात एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, शेवटी ती नवऱ्यामागूनच गेली ना? मग त्यात तिचे स्वतःचे काय?" प्रश्न बिनतोड होता. घरी जाऊन मी पुस्तक पुन्हा काढले. तेव्हा नजरेत भरली ती मधली पाच वर्षे. नवऱ्यामागूनच जायचे असते, तर १८९५ सालीच गेल्या असत्या. सारा त्रास वाचला असता. त्या गेल्या नाहीत. आधी त्यांच्या मनातले सोवळे सुटू लागले. जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने केल्या असतील, तर अमक्याच्या हातचे पाणी का नको? हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला, आणि त्याचे उत्तर आधी वागण्यात आणले. जिच्या बापाने मीठ धुतले, त्या बाईने कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. धर्मांतर त्यानंतरचे, १९०० सालचे. नवऱ्याने वाट दाखवली असेल, पण पाऊल तिचे स्वतःचे होते. त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी हेच उत्तर दिले.

पुढे त्यांची श्रद्धा देवळाच्या चार भिंतींत राहिली नाही. दुष्काळाने पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरी आली, आणि बाईंनी ती आपली मानली. कोणाची जात कोणती, हे विचारायचे त्या घरात उरलेच नव्हते. प्लेगच्या दिवसांत, सख्खे नातेवाईक दूर पळत असता, त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. बालकवी ठोंबरे काही काळ या घरात राहिले. ते हिंदूच होते आणि हिंदूच राहिले. त्यामुळे बाईंच्या मायेत काही उणे पडले नाही.

आणखी एक गोष्ट. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अस्सल मराठी वळणाची भजने आणि अभंग रचले. एरवी मंडळीत परदेशी चालींवर बसवलेली गीते पुष्कळ असत. पंढरपुरात राहिलेल्या, ओव्या ऐकत वाढलेल्या बाईला देवळात आपली भाषा भेटली, हे काही थोडे नव्हे. धर्म बदलला, पण ओवी सुटली नाही.

१९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. बाई तेव्हा पन्नाशीच्या. घरातले मोठे माणूस आता त्याच. पुढची काही वर्षे त्यांनी कराचीला काढली. मुलगा देवदत्त, सून, नातवंडे यांच्यात रमल्या आणि लिहीत राहिल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र सुरू करून अपुरे ठेवले होते. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या या बाईंनी त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' उभी राहिली. १९३४ पासून तिचे भाग निघू लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला बाईंनी डोळे मिटले, तेव्हा काम संपलेले नव्हते. शेवटचा भाग मुलाने सिद्ध केला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपूर्ण आवृत्ती संपादित केली. आजीचा शब्द तीन पिढ्यांनी सांभाळला.

या पुस्तकात कोठे उपदेश नाही. नवऱ्याचा राग, स्वतःचा भाबडेपणा, भांडणे, फजिती सारे काही हसतहसत सांगितले आहे. ज्यांनी छळले त्यांच्यावरही दात धरलेला नाही. मला वाटते, त्यांच्या उपासनेचे खरे फळ हेच. देवळात दर रविवारी जाणारे पुष्कळ असतात. तेथून बाहेर पडताना मनातली अढी तेथेच ठेवून येणारे थोडे.

आपल्या घरातही एखादी आजी असेल. देऊळ कोणतेही असो, ती तिथे नेमाने जात असेल. तिला अक्षर येत नसेल, तर शाळेतल्या मुलाने वही घेऊन तिच्याजवळ बसावे आणि ती सांगेल ते उतरून घ्यावे. शिक्षकांनी हा गृहपाठ जरूर द्यावा. इतिहास केवळ राजवाड्यात घडत नाही. तो चुलीपाशी, पाण्याच्या हंड्यापाशीही घडतो. तो सांगणारी माणसे आहेत, तोवर विचारून घ्यावे.