स्लीप ॲप्निया आणि गर्भारपणातील उच्च रक्तदाब
झोपेत घशातील श्वासमार्ग वारंवार मिटून श्वास किमान 10 सेकंद थांबणे म्हणजे स्लीप ॲप्निया. दरवेळी रक्तातला प्राणवायू घटतो, झोप मोडते, रक्तदाब उसळतो. गर्भारपणी वाढते वजन व नाकातील सूज त्यात भर घालतात. घोरणे हे त्याचे लक्षण, पण ते बाईला स्वतःला कळत नाही. घरच्यांनाच विचारावे लागते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा अधिक होऊन लघवीत प्रथिने उतरली, तर प्रीएक्लॅम्प्सियाचे निदान होते. ॲप्निया असलेल्या गर्भवतींत तो अधिक आढळतो. झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राने प्रीएक्लॅम्प्सिया टळतो, हे मात्र ठामपणे सिद्ध झालेले नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला गर्भवतींचा रक्तदाब व लघवी मोफत तपासतात.