बाळगोळी ते खोकल्याची बाटली



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक जण म्हणाली, "घरात खोकल्याची बाटली उरली होती, तीच लेकराला पाजली. रात्रभर गप झोपलं." आम्ही माना डोलावल्या. कोपऱ्यातल्या आजी मात्र म्हणाल्या, "बाळगोळी द्यायच्या, त्या बायकाही असंच म्हणायच्या." आज त्या बाळगोळीची गोष्ट.

सातारा-सांगलीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली. गिरणीत बायकाही होत्या, जास्त करून रिळं भरायच्या खात्यात. काम दहा-अकरा तास, खोली एक, बाळाजवळ कुणी नाही. मग निघताना बाळाला अफूची बारीक गोळी द्यायची. हीच बाळगोळी. खसखस ज्या झाडाची, त्याच्याच बोंडाच्या चिकाची ही अफू. तेव्हा ती परवान्याच्या दुकानात मिळायची.

बाळ झोपून राही. पण झोपलेलं बाळ दूध मागत नाही, ते वाळत जातं. गोळी जास्त झाली तर श्वासच मंदावतो. १९२२ च्या सुमारास गिरणीतल्या बायकांची पाहणी करणाऱ्या डॉक्टर बाईंनी ही चाल नोंदवून ठेवली आहे.

त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांना बाळंतपणाची रजा नव्हती, पाळणाघर नव्हतं. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ साली झाला. मोठ्या कारखान्यांत पाळणाघर हवं, असं १९४८ च्या कायद्याने ठरवलं.

बाळगोळी गेली, पण अफूच्या जातीची औषधं आहेत. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते अफूतूनच येतं. दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असतं. ते कारखान्यात बनतं, पण काम तशाच रीतीने करतं. कोडीन आणि क्लोरफेनिरामिन एकत्र असलेल्या खोकल्याच्या औषधावर केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये बंदी घातली. तरी जुनी बाटली फडताळात असू शकते.

ही औषधं वाईट नाहीत. कॅन्सरच्या रोग्याला मॉर्फिनने खरा आराम पडतो. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर घाबरून टाळू नका. पण ज्याला दिलं त्यानेच, सांगितलं तेवढंच घ्यायचं. शेजारणीची गोळी आपली नव्हे. सोबत दारू किंवा झोपेची गोळी नको. बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन, ट्रॅमाडॉल देऊ नका. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण औषध दुधातून बाळाला जातं. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. औषध कुलपात ठेवा.

कुणी हलवूनही उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचं पाकीट दवाखान्यात सोबत न्या.

त्या मैत्रिणीचं लेकरू सुखरूप आहे. बाटली आम्ही औषधांच्या दुकानात दाखवली, तीत कोडीन होतं. पुढच्या बैठकीला आम्ही सगळ्या घरातल्या उरलेल्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन येणार आहोत, आशाताईंना दाखवायला. तुमच्या गटातही एकदा हे करा.