बास गिटारच्या तारा : ताण आणि नाद यांचा ऐतिहासिक विचार

विद्युत बास गिटारचा इतिहास बहुधा वादकांच्या व वाद्यनिर्मात्यांच्या नावांनी लिहिला जातो. तारेचा विचार त्यात अभावानेच आढळतो. वस्तुतः १९६० च्या दशकात या वाद्याच्या नादात जे स्थित्यंतर घडले, त्याचे एक प्रमुख कारण तारेवरील वेढ्यात आहे.

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात 'प्रिसिजन बास' बाजारात आणला. उभ्या डबल बासची जागा घेऊ पाहणाऱ्या या वाद्याकडून तशाच घुमणाऱ्या, मवाळ नादाची अपेक्षा होती. पोलादी गाभ्यावर सपाट पट्टी गुंडाळलेली 'फ्लॅटवाउंड' तार ती पूर्ण करी. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे वादक जेम्स जेमरसन ला बेला कंपनीच्या जाड सपाट तारा वापरीत आणि तुटल्याखेरीज त्या बदलीत नसत. मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांतील बासचा भरीव, चटकन विरणारा स्वर बराचसा या जुनाट तारांचा आहे.

याउलट, 'द हू' या इंग्लिश वाद्यवृंदाचे जॉन एन्टविसल यांना पियानोच्या खर्जासारखी झळाळी हवी होती. १९६६ मध्ये रोटोसाउंडचे जेम्स हाउ यांच्या सहकार्याने त्यांनी गोल वेढ्याच्या, म्हणजे 'राउंडवाउंड' तारांचा संच सिद्ध करवून घेतला. उपस्वर ठळक झाले व बास साथीतून पुढे आला. याची किंमतही होती : खडबडीत वेढ्यांनी लाकूड झिजते. जॅको पॅस्टोरियस यांनी आपल्या पडदेविरहित वाद्याच्या पट्टीवर इपॉक्सीचा थर दिला, तो यासाठीच.

सपाट तारेचा ताण नेहमीच अधिक असतो, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. तारेची कंपणारी लांबी (सामान्यतः ३४ इंच) आणि स्वर (जाड तारेचा सुमारे ४१ हर्ट्झ) निश्चित असता ताण केवळ एकक लांबीच्या वस्तुमानावर अवलंबून राहतो. वस्तुमान दहा टक्के वाढले, तर ताणही तितकाच वाढतो. सपाट पट्टीत पोकळी कमी राहत असल्याने समान जाडीची तार बहुधा जड भरते, एवढेच. थोमास्टिक या व्हिएन्नाच्या कंपनीच्या सपाट तारा तर कमी ताणासाठीच ओळखल्या जातात. बोटाला जाणवणारा कडकपणा पुष्कळदा ताणाचा नसून तारेच्या लवचिकतेचा असतो, आणि या दोहोंची गल्लत वादकांच्या बोलण्यात सर्रास होते.

नादाची विभागणीही संगीतप्रकारानुसार सरळ झाली नाही. हेवी मेटलमध्ये गोल वेढाच अपेक्षित धरला जातो. परंतु 'आयर्न मेडन'चे संस्थापक स्टीव्ह हॅरिस सपाट तारांवरच वाजवीत आले आहेत.