लहान बोअरची रायफल आणि मोठे सावज

बडोद्याच्या पूर्वेस असलेला वाघोडिया तालुका आज कारखान्यांसाठी ओळखला जातो. त्याच्या पलीकडे पावागड आणि जांबुघोड्याचे डोंगर आहेत. जांबुघोडा अभयारण्यात बिबट्या आणि अस्वल यांचा वावर असून तालुक्यातील शेतांत नीलगाय व रानडुक्कर उतरतात. गायकवाडांच्या बडोद्याची ख्याती बंदुकीपेक्षा माणसाळवलेल्या चित्त्यांकडून होणाऱ्या काळविटांच्या शिकारीसाठी अधिक होती. तरीही संस्थानी काळात एक वाद शिकाऱ्यांमध्ये सर्वत्र रंगत असे: मोठ्या जनावरासाठी लहान बोअरची रायफल पुरेशी आहे काय?

या वादात नेहमी पुढे येणारे नाव स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांचे. आफ्रिकेत त्यांनी एक हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांपैकी बहुसंख्य ७ मिमी रायफलीने. तिची गोळी जेमतेम ११ ग्रॅमची. पण लांबट आणि पूर्ण धातूने मढवलेली असल्याने ती कवटी भेदून खोल शिरे. बेल यांनी हत्तीच्या कवटीचा छेद घेऊन मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती, ही गोष्ट त्यांचा दाखला देणारे सोयीस्करपणे विसरतात.

त्याच जातीची .२७५ रिग्बी रायफल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट मिळाली. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या तिनेच पडला. चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडील सुळे जुन्या बंदुकीच्या जखमेने मोडले होते आणि नैसर्गिक सावज धरणे अशक्य झाल्यानेच ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांचे निदान होते. चुकीच्या जागी लागलेल्या गोळीची किंमत शिकारी नव्हे, भलतेच लोक मोजतात.

बोअर म्हणजे नळीचा अंतर्व्यास. तो लहान असला तरी गोळीचे वजन, लांबी व वेग यांवर भेदनशक्ती ठरते. ७ मिमीच्या काडतुसाची ऊर्जा सुमारे ३,००० ज्यूल, नेमबाजीच्या.२२ काडतुसाची दोनशेच्याही आत. दोन्हींना ‘लहान बोअर’ म्हणणे हीच घोटाळ्याची सुरुवात. दोनशे किलोंच्या नीलगाईवर .२२ झाडल्यास ती सहसा जागी पडत नाही. जखमी होऊन दूर कोठेतरी तडफडून मरते.

भारतात .३०३ हे लष्करी बोअर सामान्य परवानाधारकांस निषिद्ध असल्याने ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल प्रचलित झाली. ती डुक्कर वा नीलगाईस पुरेशी आहे. प्रश्न आता कायद्याचा उरतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकार बंद आहे; उभ्या पिकांची नासाडी करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. गोव्याचा राज्यप्राणी गवा मात्र अनुसूची १ मध्ये असून, पीक तुडवले या कारणावरून त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही.