राक्षसाचा प्राण आणि आजीची वाणी



गेल्या श्रावणातील एका रात्री, वाळूजच्या कारखान्यांतील दुसरी पाळी सुटून रस्ता शांत झाल्यावर, मी एक इंग्रजी कादंबरी वाचीत बसलो होतो. स्कॉटलंडच्या लोककथांवर उभारलेली ती अद्भुतरम्य कथा. धुक्यात बुडालेले डोंगर, काळ्याशार पाण्याची सरोवरे, आणि घोड्याचे रूप घेऊन वाटसरूस पाण्यात ओढून नेणारी केल्पी! वाचता वाचता आपल्याकडील विहिरींवरच्या साती आसरा आठवल्या. पुढे एका राक्षसाचा प्राण त्याच्या देहात नसून अन्यत्र दडविलेला आहे असे आले मात्र, मी पुस्तक मिटले. ही गोष्ट तर माझ्या आजीची! तिच्या राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडे एका पोपटात असे.

एकच कल्पना इतक्या दूरच्या दोन देशांत कशी, ह्याचा विचार विद्वानांनी पुष्कळ केला आहे. ग्लासगो येथे १८५४ साली जन्मलेले सर जेम्स फ्रेझर ह्यांनी 'द गोल्डन बाऊ' ह्या ग्रंथात देशोदेशींच्या अशा कथा एकत्र आणल्या. परंतु मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे ते निराळे. ह्या कथा कागदावर आल्या कशा, आणि येताना त्यांचे काय हरवले?

स्कॉटलंडमध्ये हे काम जॉन फ्रान्सिस कॅम्बेल ह्यांनी केले. १८६० ते १८६२ ह्या काळात त्यांनी पश्चिमेकडील डोंगरी प्रदेशाच्या कथा चार खंडांत प्रसिद्ध केल्या. पहिलीच कथा एका बेटावरील जेम्स विल्सन नावाच्या अंध सारंगीवाल्याची आहे. तीत राक्षसाचा प्राण उंबऱ्याच्या शिळेखालच्या मेंढ्याच्या पोटातील बदकाच्या पोटातील अंड्यात असतो. कॅम्बेल ह्यांनी सांगणाऱ्याचे नाव व गाव तर नोंदलेच, पण इंग्रजी भाषांतराबरोबर मूळ गेलिक शब्दही छापले.

आता आपल्या दख्खनकडे वळू. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांची वीस वर्षांची कन्या मेरी सोबत होती. तिच्या तैनातीस ॲना लिबेराता दि सूझा नावाची आया होती. प्रवासाचा कंटाळा जावा म्हणून ॲना आपल्या आजीच्या गोष्टी सांगू लागली. मेरीने त्या लिहिल्या, ॲनाला वाचून दाखविल्या, आणि १८६८ साली लंडनहून 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक निघाले. त्यातील 'पंचकिन' ह्या कथेतील मांत्रिकाचा प्राण दूरच्या अरण्यात, पाण्याने भरलेल्या सहा घागरींच्या उतरंडीखालील पिंजऱ्यात, हिरव्या पोपटात आहे.

मेरीने एक गोष्ट फार चांगली केली. ॲनाची जीवनकहाणी तिने त्याच पुस्तकात, तिच्याच तोंडून आल्यासारखी दिली. लिंगायताची ख्रिस्ती झालेली घराण्याची परंपरा, ऐन तारुण्यातले वैधव्य, पुण्याच्या नदीत बुडालेला मुलगा, हे सर्व तीत आहे. परंतु ॲनाने गोष्टी सांगितल्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, कारण ऐकणारीला तीच भाषा कळत होती. कथा वाचली, आजीची वाणी मात्र बहुतांशी गेली. अंध सारंगीवाल्याचे वाक्य आज जसेच्या तसे म्हणता येते. ॲनाच्या आजीचे वाक्य आता कोणीही सांगू शकणार नाही.

तथापि स्कॉटलंडवासीयांचा हेवा करण्याचेही कारण नाही. डोंगरांतील कुळे जमिनींवरून हुसकली गेली, पुष्कळजण ग्लासगोच्या कारखान्यांत आले, आणि पुढील पिढ्यांची भाषा पालटली. २०११ च्या शिरगणतीत गेलिक बोलणारे सुमारे ५७ हजारच उरले होते. ग्रंथात शब्द उतरले, पण घरात ते बोलणारे कमी झाले.

हे वाचताना मला माझे वाळूज दिसू लागले. १९८५ साली बजाजचा कारखाना येथे सुरू झाला आणि वसाहत वाढत गेली. मराठवाड्यातील खेड्याखेड्यांतून तरुण कुटुंबे येथे आली. पुष्कळांच्या आज्या मात्र गावीच राहिल्या. मुलांना पोपटातला प्राण ठाऊक असला तरी तो चित्रफितीतून, आजीच्या बोलीतून नव्हे. आपल्या भागात डॉ. प्रभाकर मांडे ह्यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासास आयुष्य वाहिले. २०२३ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते निवर्तले. पण हे काम एकट्या विद्वानाच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

म्हणून माझी विनंती अगदी लहान आहे. येत्या सुटीत गावी जाल तेव्हा आजीकडून एक गोष्ट मागून घ्या. ती शुद्ध करू नका, सुधारू नका. तिच्या शब्दांत, तिच्या हेलांसह उतरवा आणि खाली तिचे नाव व गाव लिहा. गोष्टीचा प्राणही त्या राक्षसाच्या प्राणासारखाच दुसरीकडे असतो. तो सांगणारीच्या वाणीत असतो, आणि ती वाणी फार दिवस थांबणार नाही.